पिकअप किती उचलते, किती ओढते आणि किती थांबवते

रावेर-सावद्याच्या पट्ट्यात केळीची कटाई चालू असो, की अमळनेर-पारोळ्याकडून कापूस जिनिंगला निघालेला असो, खान्देशातल्या शेतमालाचा पहिला टप्पा बहुतेक वेळा पिकअपमधूनच पार पडतो. बैलगाडी मागे पडली, ट्रॅक्टर शेतात गुंतलेला असतो आणि मोठा ट्रक बांधापर्यंत येत नाही. मधली सगळी जागा पिकअपने घेतली. साक्री-पिंपळनेरचा कांदा, नंदुरबारची मिरची, ठिबकच्या नळ्यांची बंडलं, स्लॅबच्या दिवशीचं सिमेंट, सारंगखेड्याच्या यात्रेला निघालेला घोडा, सगळं हिच्याच हौद्यात.

एवढी रोजच्या वापरातली गाडी, पण तिची ताकद म्हणजे नेमकं काय, हे नीट विचारणारे थोडे. घेताना प्रश्न असतो, ‘इंजिन किती सीसीचं?’ भरताना प्रश्न असतो, ‘अजून बसतंय ना?’ आणि मोबाईलवर अमेरिकेतल्या त्या अवाढव्य पिकअप पाहिल्या की तिसरा प्रश्न येतो, ‘असली गाडी आपल्याकडे का नाही?’ या तिन्ही प्रश्नांची उत्तरं एकमेकांत अडकलेली आहेत, म्हणून तिसऱ्यापासून सुरुवात करू.

अमेरिकेत ज्यांना ‘हेवी ड्युटी’ म्हणतात त्या पिकअप म्हणजे फोर्डच्या एफ-२५० पासून एफ-४५० पर्यंतच्या गाड्या, रॅम २५०० आणि ३५००, शेव्हरोले सिल्व्हराडो एचडी वगैरे. फोर्डने २०२३ च्या मॉडेलमध्ये दिलेलं ६.७ लिटरचं सर्वांत ताकदवान डिझेल इंजिन ५०० अश्वशक्ती आणि सुमारे १,६२७ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देतं. आपल्या बोलेरो पिकअपचं इंजिन अडीच लिटरचं, टॉर्क साधारण २०० न्यूटन-मीटर. टाटा योधाचं २.२ लिटरचं, १०० अश्वशक्ती आणि २५० न्यूटन-मीटर. म्हणजे टॉर्कमध्ये सहा ते आठ पटींचा फरक.

आता भार पाहा. योधा २.० आणि बोलेरो मॅक्स पिकअपची सर्वांत वरची आवृत्ती, दोन्ही दोन टनांच्या. एफ-३५० च्या सर्वाधिक भार उचलणाऱ्या आवृत्तीला कंपनीने दिलेली मर्यादा ८,००० पौंड, म्हणजे सुमारे ३.६ टन. दुप्पटही नाही. शिवाय तिकडचं डिझेल इंजिन इतकं जड की त्याच गाडीत पेट्रोल इंजिन बसवलं तर हौद्यात टाकायचा भार उलट वाढतो. दुसरं उदाहरण आपल्याच देशातलं. २०२२ मध्ये इथे आलेल्या टोयोटा हायलक्सचा टॉर्क ऑटोमॅटिक गिअरमध्ये ५०० न्यूटन-मीटर, बोलेरो पिकअपच्या अडीच पट, आणि हौद्याची क्षमता मात्र अर्ध्या टनाच्या आसपास.

यावरून एक गोष्ट सरळ दिसते. गाडी किती उचलेल, हे इंजिन ठरवत नाही. इंजिनाचं काम भार हलवण्याचं. भार पेलण्याचं काम चासीचं म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याचं, एक्सलचं, पाट्यांचं म्हणजे कमानीच्या स्प्रिंगचं आणि टायरचं. आणि तो थांबवण्याचं काम ब्रेकचं. या तीन वेगवेगळ्या ताकदी आहेत. आपल्याकडे पहिलीची चर्चा सर्वांत जास्त होते आणि अनेक अपघात तिसरी कमी पडल्यामुळे होतात.

पेलणं

प्रत्येक मालवाहू गाडीच्या आरसीवर दोन वजनं असतात: रिकाम्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीचं कमाल वजन, ज्याला ग्रॉस व्हेइकल वेट किंवा जीव्हीडब्ल्यू म्हणतात. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की गाडीवर घालता येणारा एकूण बोजा मिळतो. त्या बोज्यात फक्त माल येत नाही. ड्रायव्हर, शेजारी बसलेले दोघे, नंतर बसवलेली लोखंडी जाळी, ताडपत्री, दोर, जादाची स्टेपनी, सगळं त्यातच. समजा रिकामी गाडी १,७०० किलो आणि कमाल वजन ३,००० किलो. १,३०० किलो उरले. केबिनमध्ये तिघे, दोनशे किलो गेले. जाळी आणि अँगलचे शंभर. मालासाठी हजार राहिले. केळीचा घड सरासरी वीस किलोचा धरला तर पन्नास घडांत गाडी भरली. शेतावर उभं राहून पाहिलं तर पन्नास घड टाकल्यावर हौदा अर्धामुर्धाच वाटतो, आणि डोळ्यांचा हा अंदाज दर वेळी जास्तीकडे नेतो. कापसाचं उलट. तो हलका आणि फुगीर, त्यामुळे वजन मर्यादेत असतानाच गाडी डोंगरासारखी उंच होते.

कमाल वजनाचा आकडा कंपनी कुठून आणते? गाडीतल्या सर्वांत कमकुवत भागावरून. चासी चार टन पेलेल, पाटे साडेतीन टन, पण टायर तीनच टन पेलणार असतील तर गाडी तीन टनांचीच.

पाटे वाढवण्याचा आपल्याकडचा उपाय इथेच फसतो. गॅरेजमध्ये जाऊन मागच्या कमानीत दोन पाटे जास्तीचे घातले की गाडी बसत नाही, ताठ उभी राहते, आणि मालकाला वाटतं क्षमता वाढली. वाढला तो फक्त स्प्रिंगचा कडकपणा. मागचा एक्सल तोच, बेअरिंग तीच, ब्रेकचे ड्रम तेच, टायर तेच. उलट पूर्वी गाडी मागून बसायची तेव्हा जास्त भार डोळ्यांना दिसायचा, आता तोही दिसत नाही. जास्तीचा धक्का जातो चासीला, आणि चासी बहुतेक वेळा तडकते ती पाट्यांचं हँगर जिथे बसतं तिथेच.

तिकडच्या हेवी ड्युटी गाड्यांत वेगळं काय असतं, ते याच जागी पाहण्यासारखं आहे. त्यांची चासी खोल, जाड पट्ट्यांची शिडीसारखी. मागचा एक्सल ‘फुल फ्लोटिंग’ जातीचा. यात चाकाचं आणि गाडीचं वजन एक्सलच्या बाहेरच्या नळीवर, म्हणजे हाउसिंगवर बसतं आणि आतला शाफ्ट फक्त चाक फिरवतो. शाफ्ट तुटला तरी चाक निखळत नाही. हलक्या गाड्यांच्या ‘सेमी फ्लोटिंग’ एक्सलमध्ये तोच शाफ्ट फिरवतोही आणि वजनही पेलतो. जड कामाच्या गाड्यांना मागे दोन्ही बाजूंना जोडचाकं असतात, आपल्या ट्रकसारखी. भार चार टायरांवर वाटला जातो आणि एक फुटला तरी गाडी लगेच कलंडत नाही.

टायरवर एक छोटा आकडा असतो, तो वाचायला प्रत्येक ड्रायव्हरने शिकावा असं मला मनापासून वाटतं. मापाच्या शेवटी ११२/११० असं काहीतरी छापलेलं असतं. हा लोड इंडेक्स. १०० म्हणजे ८०० किलो, १०८ म्हणजे १,००० किलो, ११२ म्हणजे १,१२० किलो, तेही पूर्ण हवा असताना. पहिला आकडा एकेरी चाकाचा, दुसरा जोडचाकाचा. मागे ११२ चे दोन टायर असतील तर मागचा एक्सल २,२४० किलोपलीकडे जाता कामा नये, मग इंजिन कितीही तगडं असो. हवा कमी असेल तर टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त दुमडते, दुमडण्याने तापते आणि खान्देशातल्या मे महिन्याच्या डांबरावर ती उष्णता बाहेर पडायला जागाच नसते. पारा ४४-४५ वर असताना भरल्या गाडीचे टायर दुपारी फुटतात ते यामुळे. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासायची. तापलेल्या टायरमध्ये दाब वाढलेला दिसतो म्हणून हवा सोडली, तर गार झाल्यावर तो कमीच भरतो.

भार कुठे आहे

किती भार, याच्याइतकंच तो कुठे बसला आहे हे महत्त्वाचं. हौद्यातला माल मागच्या एक्सलच्या थोडा पुढे असावा. मागे गेला की गाडीचं नाक उचलतं. हिशोब सोपा आहे. दोन एक्सलमधलं अंतर तीन मीटर धरा. एक टन मालाचा मध्य मागच्या एक्सलच्या ३० सेंटिमीटर मागे गेला, तर पुढच्या एक्सलवरचं १०० किलो वजन उचललं जातं आणि मागच्यावर एक टनाऐवजी ११०० किलो येतं. स्टेअरिंग हलकं लागतं. ड्रायव्हरला वाटतं गाडी मऊ चालते आहे, प्रत्यक्षात पुढच्या टायरची पकड गेलेली असते. ब्रेक लावताना सर्वांत जास्त काम पुढच्याच चाकांना करायचं असतं, आणि तीच हवेत जायला निघालेली.

पाइपांच्या बाबतीत हे रोज घडतं. वीस फुटी पीव्हीसी पाइप, दहा फुटी हौदा. फाळका उघडा टाकून अर्धा माल मागे लोंबत, टोकाला लाल फडकं. पाइप वजनाला हलके म्हणून निभावतं. त्याच पद्धतीने लोखंडी सळई नेली की निभावत नाही, आणि मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला रात्री ते टोक दिसत नाही. असा माल लांब हौद्याच्या गाडीतूनच न्यावा.

कापूस, कडबा, मक्याचा चारा यांचा प्रश्न उंचीचा. वजनाचा मध्य जितका वर, तितकी वळणावर गाडी उलटायला लागणारी ओढ कमी. जिनिंगच्या वाटेवर ‘आखो दोन गाठोडं टाकी दे भो, काही व्हत नही’ हे ऐकलं नाही असा ड्रायव्हर नसेल. वजनाने तो बरोबरही असतो. पण ती दोन गाठोडी सर्वांत वर बसतात, आणि वळणावर भारी पडते ती वरची जागा.

जनावरांचा भार सगळ्यांत अवघड, कारण तो स्वतः हलतो. चारशे किलोचा घोडा उंच पायांवर उभा असतो, वळणावर तोल सांभाळायला बाहेरच्या बाजूला पाय टाकतो आणि नेमकं नको तिथे वजन नेतो. सारंगखेड्याला घोडे नेणारे जाणते लोक घोड्याला मोकळा सोडत नाहीत, आडवे बांबू लावून जागा आवळतात, खाली वाळू किंवा गवत टाकतात आणि वळणाआधीच वेग उतरवतात. यातली प्रत्येक गोष्ट शास्त्राला धरून आहे.

ओढणं

अमेरिकी पिकअपचा मोठा रुबाब ओढण्यात आहे. एफ-४५० योग्य जोडणीसह ४०,००० पौंड, म्हणजे सुमारे १८ टनांचा ट्रेलर ओढू शकते, असं फोर्ड सांगतं. तिकडे घोडे, ट्रॅक्टर, जनरेटर, चाऱ्याच्या गासड्या सगळं ट्रेलरवर आणि ट्रेलर पिकअपमागे. आपल्याकडे ओढण्याचं काम ट्रॅक्टरचं. पिकअपमागे काही बांधलं जातं ते स्लॅबच्या दिवशी काँक्रीट मिक्सर, कधी जनरेटर, कधी बंद पडलेली दुसरी गाडी. तरी ओढण्यामागचा नियम समजून घ्यायला हवा, कारण तोच ट्रॅक्टर-ट्रॉलीलाही लागू पडतो.

ज्याने बैलगाडी हाकली आहे त्याला हा नियम शिकवावा लागत नाही. माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचलतं आणि बैलांच्या गळ्याला ताण बसतो. पुढे जास्त झाला की बैलांच्या मानेवर ओझं येतं. म्हणून भरणारा माणूस माल असा रचतो की जुवावर थोडासाच भार राहील. ट्रेलरचंही अगदी तसंच. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हुकावर खालच्या दिशेने असावा. दोन टनांचा ट्रेलर असेल तर हुकावर दोनशे ते तीनशे किलो.

त्यापेक्षा कमी झाला तर काय होतं? ट्रेलरचं जड शेपूट डावी-उजवीकडे झुलू लागतं. साठच्या वेगाला एखादा ट्रक शेजारून गेला, वाऱ्याचा धक्का बसला, की झोल सुरू. प्रत्येक झोल गाडीच्या मागच्या भागाला ढकलतो, ड्रायव्हर स्टेअरिंग उलट फिरवतो आणि तेवढ्या उशिरामुळे पुढचा झोल आणखी मोठा होतो. अशा वेळी उपाय म्हणजे स्टेअरिंग सरळ धरायचं, ॲक्सिलरेटर सोडायचा आणि गाडीला आपोआप मंदावू द्यायचं. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतील आणि ते वेगळे लावता येत असतील तर फक्त तेच लावायचे. घाबरून गाडीचा ब्रेक दाबला तर मागचं वजन पुढच्याला ढकलतं आणि दोन्ही गाड्या जोडाच्या जागी कात्रीसारख्या मिटतात.

हुकावरचे ते दोन-तीनशे किलो गाडीच्या बोज्यात मोजायचे असतात, हे तिकडेही अनेक जण विसरतात. ओढण्याची क्षमता पाहिली, ट्रेलर जोडला, हौदा मालाने भरला, घरची माणसं बसवली आणि मागचा एक्सल मर्यादेबाहेर गेला. म्हणून जड ट्रेलरसाठी हुक बंपरखाली नसतो. ‘गूसनेक’ किंवा ‘फिफ्थ व्हील’ जोडणीत तो थेट हौद्यात, मागच्या एक्सलच्या वर बसवतात. तिथे १५ ते २५ टक्के भारही चालतो, कारण तो एक्सलच्या मागे लोंबत नाही. १८ टनांचा तो आकडा याच जोडणीचा आहे.

ओढण्याच्या क्षमतेचे आकडे कंपन्या पूर्वी आपापल्या पद्धतीने काढायच्या. मग अमेरिकेतल्या अभियंत्यांच्या संघटनेने, एसएईने, ‘जे२८०७’ नावाची एकच चाचणी ठरवली. तिच्यातला सर्वांत कठीण भाग ॲरिझोनातल्या डेव्हिस धरणाजवळचा सुमारे १८ किलोमीटरचा चढ. बाहेर ३८ अंशांची उष्णता, एसी पूर्ण चालू, मागे कमाल वजनाचा ट्रेलर, आणि वेग ताशी ४० मैलांखाली, म्हणजे साधारण ६४ किलोमीटरखाली उतरता कामा नये. जोडचाकांच्या गाड्यांना ३५ मैलांची सवलत. इंजिनाने नुसता चढ चढून भागत नाही, ते तापूनही चालत नाही.

या उष्णतेच्या अटीचं मोल खान्देशातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. रेडिएटर इंजिनाची उष्णता हवेला देतो आणि किती देणार हे दोघांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पाणी ९५ अंशांवर आणि हवा २५ अंशांवर असेल तर फरक ७० चा. हवा ४५ वर गेली की फरक ५० चा. तोच रेडिएटर, तोच पंखा, पण थंड करण्याची ताकद जवळपास तीस टक्क्यांनी घटली. भुसावळ-जळगावच्या उन्हाळ्यात डिसेंबरइतकाच भार घेऊन घाट चढणारी गाडी म्हणूनच उकळते. रेडिएटरच्या जाळीत अडकलेला कापूस आणि धूळ हवेच्या झोताने साफ करणं, ही या भागातली सर्वांत स्वस्त दुरुस्ती आहे.

लहान इंजिन दोन टन हलवतं कसं, याचं उत्तर गिअरमध्ये. इंजिनाच्या २०० न्यूटन-मीटरला पहिला गिअर समजा चार पट करतो आणि मागचं डिफरन्शियल, म्हणजे मागच्या एक्सलमधला गिअरचा गोळा, पाच पट. चाकांवर चार हजार पोहोचले. सुटायला तेवढे पुरतात. बदल्यात वेग जातो. साडेतीन टनांची भरलेली गाडी वीस मीटरला एक मीटर चढणाऱ्या रस्त्यावर ताशी ४० ने न्यायला साधारण ३०-३२ अश्वशक्ती लागते, ती आपल्या पिकअपकडे आरामात असते. तोच चढ ८० ने चढायचा तर दुपटीहून जास्त हवी. पाचशे अश्वशक्तीचा उपयोग तिकडे आहे तो याच कामाला: दहा-पंधरा टन मागे असताना महामार्गाचा वेग सोडायचा नाही. आपल्या बांध ते बाजार समितीच्या फेरीत ती ताकद नुसतं डिझेल पिईल.

मिक्सरबद्दल एक सांगायलाच हवं. त्याला ना ब्रेक, ना दिवे, ना स्प्रिंग. तो ओढायचाच असेल तर उजेडात, अगदी सावकाश, पक्क्या दांड्याने आणि पिनेला क्लिप लावून, सोबत साखळी. दोराने कधीच नाही. दोर फक्त ओढतो, थांबवताना मागचं वजन अडवत नाही.

थांबवणं

कन्नडहून चाळीसगावकडे औट्रम घाट उतरताना, किंवा साक्रीकडून नवापूरला जाताना कोंडाईबारीत, भरल्या गाडीमागून येणारा जळका वास सगळ्यांच्या ओळखीचा आहे. तो वास म्हणजे लायनर, ब्रेकमधलं ड्रमवर घासणारं अस्तर. तिथे काय चाललेलं असतं ते आकड्यांत पाहू. साडेतीन टनांची गाडी ३०० मीटर उंचीवरून खाली आली की तिच्यातली सुमारे एक कोटी ज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. एवढ्या ऊर्जेत साध्या तापमानाचं तीस लिटर पाणी उकळीला येतं. पूर्ण घाट ब्रेकवर उतरलात तर ही सगळी उष्णता चार चाकांच्या काही किलो लोखंडात शिरते.

लोखंड तापलं की लायनरची पकड कमी होते. मग ब्रेक ऑइल तापतं. हे तेल हवेतली ओल शोषून घेतं. नवं डॉट-३ तेल २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, ओल शोषलेलं १४० लाच उकळू शकतं. उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडे दाबले जातात आणि पॅडल मऊ पडून तळाला जातं. वर घाटमाथ्यावर उत्तम चालणारा ब्रेक खाली शेवटच्या वळणावर नाहीसा होतो. ‘ब्रेक फेल’ची अनेक प्रकरणं अशीच घडतात. काही तुटलेलं नसतं, आणि गाडी गार झाल्यावर ब्रेक पुन्हा लागतोही. दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलायला लागतो तो खर्च एका जेवणाच्या पंगतीइतकाही नाही. तरी तो सर्वांत जास्त टाळला जातो, याचं फार वाईट वाटतं.

उपाय एकच, उष्णता दुसरीकडे वळवायची. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता त्याच किंवा त्याच्या खालच्या गिअरमध्ये तो उतरायचा. मग गाडीला इंजिन फिरवत न्यावं लागतं आणि बराच जोर तिथे खर्च होतो. ब्रेक सतत घासत ठेवायचा नाही. वेग वाढला की ठामपणे दाबायचा, उतरवायचा, सोडून द्यायचा. मधल्या वेळात ड्रम गार होतात. अमेरिकी हेवी ड्युटी डिझेल गाड्यांत यासाठी एक्झॉस्ट ब्रेक असतो. बटण दाबलं की धूर बाहेर पडायची वाट आवळली जाते आणि इंजिन स्वतःच गाडीला मागे खेचू लागतं. डिझेल इंजिनात हे जास्त उपयोगाचं, कारण त्याचा नुसता इंजिन-रोध पेट्रोलपेक्षा कमी असतो. आपल्या छोट्या पिकअपमध्ये ही सोय सहसा नसते. म्हणून आपल्याकडे गिअर हाच एक्झॉस्ट ब्रेक.

डिझेल वाचवायला घाटात न्यूट्रल करणं, किंवा त्याहून भयंकर म्हणजे इंजिन बंद करणं, या सवयीने किती घरं उघडी पडली असतील. न्यूट्रल केलं की इंजिनाचा रोध गेला. इंजिन बंद केलं की ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम दोन-चार दाबांत संपतो आणि पॅडल दगडासारखं होतं. पॉवर स्टेअरिंगही जड पडतं. आजच्या डिझेल इंजिनात गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंधन जवळजवळ बंदच होतं, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळत राहतं. म्हणजे वाचतही काही नाही.

जास्त भार आणि जास्त वेग एकत्र आले की काय होतं, तेही ध्यानात ठेवावं. वजन दीडपट झालं तर ब्रेकला दीडपट ऊर्जा गिळावी लागते. पण वेग ६० वरून ८० झाला तर जवळपास पावणेदोन पट, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. दोन्ही मिळून अडीच पटींच्या पुढे. ब्रेक मात्र तेवढेच.

कागद आणि माणसं

मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भाराचा दंड २० हजार रुपये, वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार, आणि जास्तीचा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे नेता येत नाही. परवान्याबद्दल बराच गोंधळ होता, तो सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ ला मिटवला. हलक्या वाहनाचा परवाना असलेल्याला ७,५०० किलो कमाल वजनापर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते. आपल्या सगळ्या पिकअप त्यात येतात. ट्रॉली किंवा ट्रेलरची नोंदणी गाडीपासून वेगळी असते, हे ट्रॅक्टरवाल्यांना ठाऊक असतं, पिकअपवाल्यांना नेहमी नसतं.

आणि हौद्यातली माणसं. कापूस वेचणीला, कांदा लागवडीला, लग्नाला, यात्रेला पिकअपमध्ये वीस-पंचवीस जण उभे असतात. वजनाने ते मर्यादेत असू शकतात. पण उभ्या माणसांचा भार उंच असतो, वळणावर सगळे एकाच बाजूला झुकतात, आणि गाडी कलंडली तर त्यांना धरून ठेवणारं काहीच नसतं: ना पट्टा, ना छत. मालवाहू गाडीत अशी माणसं नेणं नियमाबाहेरचं आहे आणि विमा कंपनीही हात वर करू शकते. चांदसैलीच्या किंवा तोरणमाळच्या वळणांवर तर हे कधीच करू नये. मुकादमाने दोन फेऱ्यांची जीप ठरवली तर मजुरीचा थोडा भाग जातो, बस्स.

जुनी गाडी घेताना

खान्देशात बहुतेकांची पहिली पिकअप जुनीच असते. इंजिनाचा आवाज ऐकून सौदा होतो, पण आधी खाली वाकून पाहावं. मागच्या पाट्यांच्या हँगरजवळ चासीवर वेल्डिंगची रेघ आहे का? तिथेच नवा रंग मारलेला आहे का? पाटे मूळचे किती आणि आता किती, हे कंपनीच्या मेकॅनिकला विचारता येतं. जास्तीचे असतील तर गाडीने आयुष्यभर काय वाहिलं ते कळलं. मागच्या चाकांच्या आतल्या बाजूला तेलाचा ओघळ असेल तर एक्सलचं सील गेलेलं, आणि तेच तेल लायनरवर जात असतं. पुढचे टायर कडेने झिजले असतील तर अलाइनमेंट तरी बिघडलंय किंवा पुढचा भाग कधीतरी आपटलाय. डिफरन्शियलचा आवाज गाडी पळवताना आणि ॲक्सिलरेटर सोडताना, दोन्ही वेळा ऐकावा.

शेवटी गाडी रिकामी भुईकाट्यावर चढवावी. दहा मिनिटांचं काम. काट्याचं वजन आरसीवरच्या रिकाम्या वजनाशी ताडून पाहावं. आधीच्या मालकाने जाड पत्र्याचा तळ, उंच जाळी आणि लोखंडी बंपर चढवलेला असेल तर दीड-दोनशे किलोंचा फरक सहज निघतो. तेवढा माल त्या गाडीत कमी भरायचा, आणि फेरीचा भाव ठरवतानाही तोच आकडा धरायचा.